माझी खणखणीत इंग्रजी

इंग्रजी हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या आवाजामुळे. ज्ञानाचा त्यात काही संबंध नव्हता, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोन नवे मास्तर एकाच दिवशी रुजू झालो. मुख्याध्यापकांनी आम्हाला व्हरांड्यात उभं केलं आणि पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला घंटेपाशी बसलेल्या शिपायाला हाक मारायला सांगितलं. दुसऱ्याची हाक पोचली नाही. माझ्या हाकेला शिपाई तर आलाच, शेजारच्या कापसात खुरपणी करणारा एक माणूसही काय झालं म्हणून धावत आला. "हे गुरुजी इंग्रजी घेतील," मुख्याध्यापक म्हणाले. दुसरा बिचारा इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला. त्याला चित्रकला दिली.

आता बाहेरच्या माणसाला हा विनोद वाटेल, पण त्यामागे आमच्या धंद्याचं गणित होतं. आमच्याकडे इंग्रजी शिकवायची म्हणजे गुरुजींनी एक ओळ मोठ्यानं वाचायची आणि पोरांनी ती मागून म्हणायची. तीनदा. दरम्यान पोरं शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अक्षरांत उच्चार लिहून घेत. अर्थ शेवटी, वेळ उरला तर. वेळ उरत नसे. व्याकरणाचीही तीच तऱ्हा. क्रियापदांची रूपं मी चालीवर बसवली होती. एखाद्याला मधल्याच क्रियापदाचा भूतकाळ विचारला की तो डोळे मिटून अगदी पहिल्या क्रियापदापासून सुरुवात करी आणि विचारलेल्या ठिकाणी येऊन थांबे. कधी थांबायचं विसरून पुढेही निघून जाई. मी त्याला दोष देत नसे. आरती मधल्याच ओळीपासून म्हणायला सांगितली तर कोणाला जमते?

शिवाय गाव शाळेची तपासणी कानानं करायचं. दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर एक आबा बसत. वर्गातून इंग्रजीचा गजर ऐकू आला की त्यांचा चेहरा प्रसन्न होई. एकदा माझा घसा बसला होता म्हणून मी पोरांना सांगितलं, आज मनातल्या मनात वाचा. तासाभरात आबा शाळा समितीच्या दोन सदस्यांना घेऊन खिडकीत हजर. "गुरुजी, झोपनात का?" मी म्हटलं, "आबा, मुलं वाचतायत." आबांनी वर्गाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग आवाज कथा गया?"

आवाज कुठे गेला, हे पुन्हा कोणाला विचारावं लागू नये म्हणून त्यानंतर माझा वर्ग एकदाही शांत झाला नाही.

या पद्धतीचं फळ मला बऱ्याच वर्षांनी शिरपूरच्या बसस्टँडवर मिळालं. एका धट्ट्याकट्ट्या ट्रकड्रायव्हरनं वाकून नमस्कार केला. जुना विद्यार्थी. "गुरुजी, अजून पाठ शे," म्हणत त्यानं तिथेच, वडापावच्या गाडीपुढे, सहावीच्या पुस्तकातला अख्खा धडा म्हणून दाखवला. स्वल्पविरामाला थांबला, पूर्णविरामाला श्वास घेतला. लोक जमले. माझी छाती फुगली. धडा संपल्यावर त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "गुरुजी, त्यात नेमकं काय होतं हो?"

मी म्हटलं, "माझी बस लागली," आणि जी समोर होती तीत चढलो. ती चोपड्याला निघाली होती. मला जायचं होतं धुळ्याला.

निवृत्तीनंतर धुळ्यात मी वर्ग काढला. 'इंग्रजी वाचन व व्याकरण, प्रौढांसाठी.' पारसशेठ नावाच्या जैन व्यापाऱ्याचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली मिळाली. खाली स्टीलच्या पातेल्यांचा खणखणाट, वर आमचा. पारसशेठ महिन्यातून एकदा जिन्यावरून ओरडत, "मास्तर, गिऱ्हाईकाला भाव ऐकू येत नाही हो!" मी त्याला दाद समजत असे.

वर्गात तेव्हा पाच जणी होत्या. चार अंगणवाडी सेविका, आणि पाचवी नाझनीन, शिंप्याची मुलगी, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी. नाझनीनचं आणि माझं पटत नसे. सगळ्या मोठ्यानं वाचत असताना ही पुस्तकात डोळे घालून गप्प. मी म्हणे, "नाझनीन, आवाज कुठाय?" ती म्हणे, "सर, पढ तो रही हूँ." मी तिच्या हजेरीसमोर 'वाचन कच्चे' असा शेरा मारून ठेवला होता. तो अजून माझ्याजवळ आहे. कोणी मला फार शहाणा म्हणालं की मी तो काढून पाहतो. अजून फारसा काढावा लागलेला नाही.

सेविकांमधली मोठी म्हणजे कमलअक्का. धुळ्याजवळच्या एका गावात वीसेक वर्षं अंगणवाडी चालवणारी. शंभर पोरांच्या रडण्यावर मात करील असा आवाज, त्यामुळे माझी आवडती विद्यार्थिनी. एक दिवस तिनं पिशवीतून अंगणवाडीची भेट नोंदवही काढली. पर्यवेक्षिकाबाई महिन्यातून एकदा भेट देतात, त्या वहीत शेरा लिहितात, आणि खाली सेविकेनं सही करायची. नव्या बाई आल्यापासून शेरा इंग्रजीत येऊ लागला होता.

"गुरुजी, वाची दाखाडा ना," अक्का म्हणाली.

कोणी मला वाचून दाखवा म्हणावं आणि मी मागे राहावं, असं कधी झालेलं नाही. मी चष्मा लावला, उभा राहिलो आणि एखाद्याच्या सत्कारात मानपत्र वाचावं तसा तो शेरा वाचला. शब्द न् शब्द सुटा. शेवटच्या वाक्याला मी हात थोडा वर नेला. वाचून झाल्यावर म्हणालोसुद्धा, "व्वा! काय झोकदार इंग्रजी आहे बाईंची."

बाकीच्या तिघी कौतुकानं अक्काकडे बघत होत्या. नाझनीन मात्र मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

"काय लिखेल शे?" अक्कानं विचारलं.

तेव्हा मी ते वाक्य पुन्हा पाहिलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण त्या वाक्याला अर्थ आहे हे मला त्या क्षणी प्रथम जाणवलं. बाईंनी लिहिलं होतं की या सेविकेला सांगितलेलं काही समजत नाही, केंद्र नुसतं उघडं राहतं एवढंच, आणि हिच्याकडून सुधारणेची आशा नाही.

"चांगलं लिहिलंय," मी म्हणालो. "तुमचं काम… चालू आहे, असं."

"सर, झूठ मत बोलो," नाझनीन म्हणाली. आणि तिनं मान वर न करता, हळू आवाजात, अक्काला खरं ते सांगितलं.

अक्कानं माझ्या हातातली वही घेतली. मग तिनं वही मिटली, पिशवीत घातली, पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले. "याच्याखाले मनी सही शे," ती म्हणाली. "सहा महिना झाले, मी सही करी ऱ्हायनू." बाकीच्या तिघींकडे तिनं पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. "गुरुजी, आते माले असं शिकाडा की माले दुसराना तोंडतून ऐकनं पडाले नको."

माझ्या जागी दुसरा असता तर त्या दिवशी त्यानं आपल्या पद्धतीचा विचार केला असता. मी तिला आणखी मोठ्यानं वाचायला लावलं.

थोड्याच दिवसांत जाहिरात आली. सेविकांमधूनच पर्यवेक्षिका निवडायच्या होत्या. परीक्षा कॉम्प्युटरवर, जळगावच्या केंद्रात, आणि तिच्यात इंग्रजीचे उतारे आणि व्याकरण. चौघींनी अर्ज भरले. बाकी तिघी तरुण होत्या, त्यांना पुढच्या खेपेची सोय होती. अक्काला नव्हती. वयाची मर्यादा ती त्याच वर्षी गाठत होती. नाही झालं तर निवृत्तीपर्यंत दर महिन्याला त्या वहीत सही.

मी जोरात तयारी घेतली. जोरात म्हणजे जोरातच. तीन महिन्यांत अक्का उतारा असा वाचू लागली की पारसशेठचं गिऱ्हाईक पातेलं हातात धरून जिन्याकडे बघत उभं राही. अर्थही तिला कळू लागला होता, कारण नाझनीन मधल्या सुट्टीत तिला तो समजावून सांगत होती, हे मला नंतर कळलं. स्वतःच्या आवाजात ऐकलं की अक्काला वाक्य उमगत असे. "कानवर पडनं की समजस," ती म्हणे. मला वाटे, झालं. जिंकलो.

परीक्षेला दीड महिना असताना मी पाचही जणींना सरावासाठी जळगावला नेलं. तिथल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये खऱ्यासारखी परीक्षा घेत. एसटीत पारोळ्यापर्यंत आम्ही क्रियापदांची उजळणी केली. एरंडोल यायच्या आत कंडक्टरलाही ती पाठ झाली होती.

सेंटरवर मोठा हॉल, साठ-सत्तर मुलं-मुली, प्रत्येकापुढे पडदा. मला बाहेर काचेच्या दारापाशी बसायला सांगितलं. घंटी झाली. पंधरा मिनिटं कीबोर्ड नुसते टिकटिकत होते. मग इंग्रजीचा भाग सुरू झाला असावा, कारण त्या शांततेत एक आवाज उठला. खडा, स्वच्छ. स्वल्पविरामाला थांबणारा. मागून दुसरा, तिसरा, चौथा. चौघी चार वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तोच उतारा वाचत होत्या, आणि पुढच्या ओळीपर्यंत त्यांचा सूरही एक झाला.

वाचकहो, मी खोटं बोलणार नाही. दाराबाहेर माझे डोळे भरून आले. वाटलं, काय उच्चार आहेत! शेजारी बसलेल्या एका मुलाच्या वडिलांना मी कोपरानं ढोसून म्हणालो, "आपला वर्ग."

आत मात्र सगळा हॉल माना वळवून बघत होता. देखरेखीला असलेला पोरगा धावत अक्काजवळ गेला. "मावशी, बोलू नका."

"मी बोलत नाही," अक्का जळगावच्या पोराशी शुद्ध मराठीत म्हणाली. "मी वाचते आहे."

"मनात वाचा."

अक्कानं पडद्याकडे पाहिलं. ओठ मिटले. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं पुन्हा पाहिलं. डोळे पहिल्या ओळीवर फिरले आणि तिथेच अडकले. पुन्हा पहिल्या शब्दावर आले. मग नकळत ओठ हलले, आवाज फुटला, आणि पोरगा पुन्हा धावला. तिसऱ्या वेळी त्यानं चौघींना उठवलं. नाझनीन तेवढी आत राहिली.

बाहेर आणून सोडताना पोरगा मला म्हणाला, "सर, तुम्ही यांचे कोण?" मी म्हटलं, "ओळखीचा आहे." तो म्हणाला, "यांना सांगा, खऱ्या परीक्षेत पुटपुटणं म्हणजे बोलणंच धरतात. एकदा समज देतात, दुसऱ्यांदा बाहेर."

परतीच्या बसमध्ये कोणी क्रियापदं म्हटली नाहीत. कंडक्टरनं चौकशी केली.

अक्का खिडकीशी बसली होती. एरंडोल मागे पडल्यावर म्हणाली, "अक्षरं दिसत होती, गुरुजी. बठ्ठी, एकूण एक दिसत होती. पण आवाज नाही काढला तं ती नुस्ती अक्षरंच. मुंग्या जशा." मग माझ्याकडे वळून, "मनातल्या मनात कसं वाचतस, ते सांगा."

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी हे सुमनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं. ती भाजी निवडत होती. माझा एक नेम होता: सकाळी ओसरीवर बसून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणे. गल्लीत मला त्यामुळे मान होता. सुमननं त्या दिवसाचं वर्तमानपत्र माझ्या मांडीवर टाकलं. "हं. तोंड मिटून हा एवढा तुकडा वाचा, आणि काय लिहिलंय ते मला सांगा."

मी वाचू लागलो.

"ओठ हलतायत."

मी ओठ मिटले.

"आता मान हलतेय."

पाच मिनिटांनी मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काहीतरी पाण्याबद्दल आहे," मी म्हणालो. तिनं वर्तमानपत्र उचलून पाहिलं. तिला इंग्रजी फार येत नाही, पण चित्र तिनं ओळखलं. "हे क्रिकेटबद्दल आहे," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसानं आयुष्यात इंग्रजीचं एक पानही मनातल्या मनात वाचलेलं नव्हतं. मी वाचायचो ते दुसऱ्यांना ऐकू जावं म्हणून, आणि ऐकणाऱ्यांना समजत नव्हतं म्हणून माझं निभावलं. त्या संध्याकाळी मला तो ट्रकड्रायव्हर आठवला, आणि त्याच्या वर्गातली बाकीची पोरंही. त्यांतली किती जण कुठल्या कुठल्या हॉलमध्ये पडद्यापुढे बसून ओठ मिटून मुंग्या बघत असतील, याचा हिशेब मी केला नाही. करवला नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी उपाय घेऊन गेलो तो माझ्या वळणाचाच. म्हटलं, आवाज हळूहळू कमी करू. आज निम्मा, उद्या पाव, परवा कुजबूज. चौथ्या दिवशी आम्ही सगळे नुसत्या श्वासानं वाचत होतो. खालून पारसशेठचा नोकर धापा टाकत आला. त्याला वाटलं, वर गॅस गळतोय.

उपाय शेवटी काढला तो अक्कानं. "आमच्या अंगणवाडीत पोरं लई कल्ला करायला लागली का मी खेळ घेते," ती म्हणाली. "तोंडात पाणी धरायचं आन् पटांगणाला एक चक्कर मारायची. ज्याचं पाणी सांडलं, गिळलं, तो बाद. दोन मिनिटं असं गार वाटतं, गुरुजी! घ्या, पाणी घ्या."

मी म्हटलं, "मी कशाला? मी तर शिकवणारा."

"तुम्हाला येतं का?" नाझनीननं विचारलं.

मी पाणी घेतलं.

तोंडात पाणी धरून वाचून बघा. जीभ हलवायला जागाच राहत नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा बाद झालो, एकदा तर उताऱ्यावरच. दुसऱ्या दिवशी डोळे एकटेच थोडे पुढे गेले. गंमत म्हणजे ओळीच्या शेवटी पोचल्यावर काहीतरी कळलेलं असे. आपण तर काही ऐकलं नव्हतं, मग हे आत आलं कुठून, असं वाटे. साठी उलटलेला माणूस मी, आणि गोष्ट केवढीशी. पण मला चोरून काहीतरी खाल्ल्यासारखा आनंद व्हायचा.

आठवडाभरानं जिन्यावर पावलं वाजली. पारसशेठ स्वतः. दार ढकलून आत आले. आम्ही सहाही जण पुस्तकात मान घालून, गाल फुगवून बसलेलो.

"मास्तर? काय झालं?"

मी मान हलवली.

"आठवडा झाला, आवाज नाही. मी म्हटलं, तब्येत…" त्यांनी सगळ्यांच्या गालांकडे पाहिलं. "दाताचं काही आहे का? सगळ्यांनाच?"

अक्कानं हाताची पाच बोटं उंचावली, पाच मिनिटं थांबा अशा अर्थानं. त्यांना ते काही निराळंच वाटलं. "पाच जणी? कुठल्या? काय झालं पाच जणींना?" ते घाबरून खिशातून फोन काढू लागले. तेव्हा नाझनीनला हसू फुटलं. तिच्या तोंडातलं पाणी थेट पारसशेठांच्या पांढऱ्या शर्टावर, आणि मग कोणाचंच राहिलं नाही.

सगळं समजावून सांगितल्यावर शेठ ओला शर्ट झटकत म्हणाले, "इतकी वर्षं मी खालून ओरडलो, आवाज कमी करा. तेव्हा पाणी नव्हतं का धुळ्यात?"

मग पाण्याचा घोट लहान केला. अर्धा केला. शेवटचे दहा दिवस नुसते ओठ मिटून. अक्काचा जबडा मात्र असा आवळलेला असे की बघणाऱ्याला तिच्या दाढेची काळजी वाटावी.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर जळगावला गेलो. बाकी तिघींची बॅच दुसऱ्या दिवशी होती. फाटकाबाहेर दोन तास उभा होतो. मी कान देऊन ऐकत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही ऐकू न आल्याचा मला आनंद होत होता. तरी दर दहा मिनिटांनी वाटे, आता तिला बाहेर आणतील. एकदा दार उघडलं तेव्हा मी फाटकाला जाऊन चिकटलो. तो चहावाला होता.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा लाल.

"काय व्हयनं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"देखरेखीवाला मागे येऊन उभा राहिला. मी म्हटलं, झालं. मना आवाज निंघना वाटते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तो म्हणे, ताई, बरं वाटत नाही का? तोंड असं का केलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. तोंड उघडलं असतं तर उतारा बाहेर पडला असता ना."

निकालाची यादी दोन महिन्यांनी आली. दुपारी, वर्ग चालू असताना, चारही सेविकांचे फोन एकदम वाजले. यादी इंग्रजीत, गुणानुक्रमे, पानामागून पान. माझ्या फोनवर अक्षर बारीक दिसतं म्हणून नाझनीननं ती तिच्या मोठ्या फोनवर उघडून मला दिली. मी चष्मा पुसला आणि उभा राहिलो. हे काम माझं होतं. पहिलं नाव घेतलं, तालुका घेतला. दुसरं नाव, तालुका. खालचा खणखणाट थांबला, पारसशेठ जिन्यावर येऊन उभे राहिले. एकेक नाव मी भारदस्त आवाजात घेत होतो. अक्काचं नाव नसलं की माझा आवाज थोडा पडे, मग पुढच्या नावाला सावरून पुन्हा चढे. पहिलं पान संपलं. दुसरं संपत आलं. आवाज थरथरू लागला तो वयामुळे, असं मी नाझनीनला नंतर सांगितलं.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर नाव आलं. मी ते अर्धंच घेतलं. पुढचं बाकीच्यांनी ओरडून पुरं केलं. पारसशेठनी जिन्यावरच टाळी वाजवली. मी अक्काकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून शांत बसली होती. फोन मांडीवर पालथा. डोळे पुसून झालेले होते, पदराचं टोक ओलं होतं.

"अक्का! तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय."

"कधी?"

"तुम्ही पहिल्या पानवर व्हतात तव्हय."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही वाची ऱ्हायंथात ना, गुरुजी," ती म्हणाली. "मधमा कसं बोलू?"

मी फोन खाली ठेवायला लागलो. अक्कानं हातानं थांबवलं. म्हणाली, अजून पानं आहेत, पुढंही बाया शेतस, त्यांचीही नावं कोणी तरी घेतली पाहिजेत. बाकीच्या तिघींचे डोळे माझ्या हातातल्या फोनवर होते. तिघींचे फोन त्यांच्याच मुठीत होते आणि एकीनंही उघडला नव्हता.

मी पान पुढे सरकवलं, ओठ मिटले, आणि पुढची पाच-सहा नावं आधी एकट्यानं वाचून घेतली. कोणाचं आहे, कोणाचं नाही, ते पाहून घेतलं. मग तोंड उघडलं.